निकालाच्या बाकावर कोण बसणार

भिंगरी स्केटिंग करताना बर्फावर आपटली तेव्हा बाबांनी आधी घड्याळात पाहिलं. सकाळचे सहा वाजून अठरा मिनिटं. काचेमागे बसलेल्या पालकांपैकी दोघीजणी ताडकन उभ्या राहिल्या, एका गृहस्थांचा चहा त्यांच्याच पँटवर सांडला, आणि या तिघांपैकी एकाचीही मुलगी पडलेली नव्हती. ज्यांची पडली होती ते बाबा मात्र पायावर पाय टाकून तसेच बसून होते.

भिंगरी उठली, सरकत काठाशी आली आणि कठड्यावर कोपरं टेकून उभी राहिली. बाबा दारापर्यंत गेले. मग नेहमीची प्रश्नोत्तरं झाली.

"कुठे लागलं?"

"डावा गुडघा."

"हलवता येतोय?"

"हो."

"एक ते दहामध्ये दुखणं किती?"

"तीन."

"ठीक आहे," बाबा म्हणाले आणि भिंगरी पुन्हा उड्या मारायला गेली.

बाबा रुग्णवाहिकेच्या मदतकक्षात फोन घ्यायचे. तेरा वर्षं ते घाबरलेल्या लोकांशी सपाट आवाजात बोलत होते. समोरचा कितीही किंचाळत असला तरी आपण सपाट राहिलो की तोही हळूहळू सपाट होतो, हा त्यांचा अनुभव होता. तो त्यांनी घरी आणला आणि मुलीच्या स्केटिंगला लावला. दहा वर्षांच्या भिंगरीला स्वतःचं वेगळं नाव होतं, पण चालायला लागल्यापासून ती घरभर स्वतःभोवती फिरायची, म्हणून आत्याने हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.

भिंगरीच्या आईने पहिल्याच महिन्यात हात टेकले होते. "मला ते बघवत नाही," ती म्हणाली होती. "मी घरी बसून काळजी करीन. तू तिथे बसून करू नकोस. दोघांनी एकच काम कशाला करायचं?" घरातली इतर कामं जशी वाटून घेतली होती, तशी काळजीचीही वाटणी झाली आणि पुढची चार वर्षं दोघांनी आपापला वाटा चोख सांभाळला.

बाबांच्या या स्वभावाची कीर्ती रिंकवर पसरली होती. तिथल्या प्रशिक्षक बाई शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी. पण त्यांनीसुद्धा काचेवर स्वतःच्या हाताने सूचना लिहून लावली होती: 'पालकांनी ओरडू नये. हातवारे करू नयेत. काचेवर थापा मारू नयेत. कसं बसावं हे कळत नसल्यास भिंगरीच्या बाबांकडे पाहावं.' शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. बाबा येता-जाता त्या कागदाकडे मुद्दाम बघत नसत, म्हणजे किती बघत असतील याचा अंदाज यावा.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना स्पर्धेचा अर्ज आला.

भिंगरीची ही पहिलीच मोठी स्पर्धा. या स्पर्धांत एक पद्धत असते. आपला नाच संपवून मुलगी बर्फावरून बाहेर आली की तिला एका बाकावर बसवतात आणि तिथे ती गुणांची वाट बघते. शेजारी घरातलं एक मोठं माणूस बसतं. एकच. सगळा प्रेक्षकवर्ग त्या दोघांकडे बघत असतो. मुलं त्याला निकालाचा बाक म्हणायची. अर्जात त्यासाठी एक रकाना होता: 'बाकावर सोबत बसणाऱ्या व्यक्तीचं खेळाडूशी नातं.'

"बाबा, बाकावर माझ्याबरोबर कोण बसणार?" भिंगरीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज पसरून विचारलं.

"तुला हवं त्याला बसव," बाबा म्हणाले. मुलांचे निर्णय मुलांना घेऊ द्यावेत, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

भिंगरी पेन हातात धरून थोडा वेळ बसली. मग तिने लिहिलं. सही करायला बाबांनी अर्ज ओढून घेतला तेव्हा त्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'आत्या'.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, उठून बेसिनपाशी गेले आणि एकच कप तीन वेळा धुतला. चौथ्या वेळी भिंगरीच्या आईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"नक्षी जाईल त्याच्यावरची."

"मला काही झालेलं नाही."

"मी विचारलं का काही?"

झालं होतं. फार झालं होतं. चार वर्षं रोज पहाटे उठून गाडीच्या काचेवरचं दव पुसणारा माणूस तो. भिंगरीच्या बुटांच्या नाड्या पहिली दोन वर्षं त्यांनीच बांधल्या होत्या, केसांचा अंबाडा घालायलाही ते बहिणीकडून शिकले होते. आणि त्या बाकाची स्वप्नं तर ते गेली कित्येक वर्षं पाहत होते, आपण डावीकडे बसायचं की उजवीकडे इथपर्यंत. तिथे आता आत्या बसणार होती. भिंगरीला याचं कारण विचारणं अगदी सोपं होतं, पण सपाट माणसाला स्वतःच्या बाबतीत विचारायची सवय नसते. ते बहिणीकडे गेले.

बहिणीचं केस कापायचं छोटं दुकान होतं. ती गिऱ्हाइकाच्या दुःखाने रडायची, आनंदाने रडायची, आणि एकदा एका बाईने नुसतेच केस खांद्यापर्यंत आखूड केले म्हणून रडली होती. सुट्टीच्या दिवशी बाबा तिथे जाऊन आरशासमोरच्या खुर्चीत बसले.

"दादा, मी काही मागितलं नव्हतं हं," आत्या लगेच म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "तिनेच फोन करून विचारलं. मी हो म्हटलं."

"मी कुठे काय म्हणतोय? पण तिने तुला का विचारलं असेल?"

"हे काय विचारणं झालं?" आत्याने त्यांच्या खांद्यावर सवयीने टॉवेल टाकला. "मी ओरडते, मी रडते. पोरीला कळतं की हिला काहीतरी वाटतंय. तू काय करतोस? एक ते दहामध्ये किती, म्हणून विचारतोस. त्या बाकावर असा खांबासारखा बसलास तर लोकांना वाटेल, कुणी परका बसवलाय."

बाबांना ते पटलं. कारण सापडलं की उपाय करायचा, ही तर त्यांच्या कामाची पद्धतच होती. "मला शिकव," ते म्हणाले.

शिकवणी लगेच सुरू झाली.

"समज, तिने मोठी उडी मारली. ओरड."

"शाब्बास," बाबा म्हणाले. पिनकोड सांगावा तसं.

"पोटातून, दादा."

"शाब्बास."

"अरे, तुझी मुलगी आहे ती. चार वर्षं पडतेय, धडपडतेय, आणि आज तिला जमलंय. डोळ्यांसमोर आण जरा." एवढं बोलून आत्या स्वतःच हुंदके देऊ लागली आणि पुढची दहा मिनिटं शिकवणी थांबवावी लागली. सातव्या खेपेला बाबांच्या पोटातून असा काही आवाज निघाला की वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर जिना उतरून खाली आले. पेशंटने तोंड मिटून घेतलंय, आता उघडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आत्याला मात्र फार आनंद झाला. गाडी रुळावर आली होती.

अडचण अशी की ती जिथे थांबायला हवी तिथे थांबेना. पोटातली झडप एकदा सैल झाली की ती फक्त रिंकवर उघडेल असं थोडंच असतं? बुधवारी कामावर एका माणसाचा फोन आला. त्याचे काका शिडीवरून घसरले होते. माणूस अगदी शांत होता, पत्तासुद्धा न विचारता व्यवस्थित सांगत होता.

"किती उंचीवरून पडले?" बाबांनी विचारलं.

"चौथ्या पायरीवरून."

"अरे बापरे," बाबा म्हणाले.

मग तो माणूस म्हणाला, "का? चौथी वाईट असते का?" आणि त्याचा धीर सुटला. तो ओरडू लागला, त्याची बायको ओरडू लागली, शेवटी जमिनीवर आडवे झालेले काका ओरडू लागले, तोवर त्यांना आपल्याला काही झालंय असं वाटलंही नव्हतं. रुग्णवाहिका पोचली तेव्हा काकांच्या नडगीला खरचटलेलं होतं आणि बाकी घराला पाणी पाजावं लागलं.

मदतकक्षातले सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात. मोठ्या साहेबांनी तो फोन दोनदा ऐकला आणि बाबांना बोलावून घेतलं.

"तेरा वर्षांत तुमच्या तोंडून असा शब्द आला नाही. घरी सगळं बरं आहे ना?"

"हो. ठीक आहे."

"नाही, दमलायत तुम्ही. उद्या-परवा घरी राहा. विश्रांती घ्या."

त्यामुळे स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस बाबा मोकळे मिळाले, आणि मोकळ्या माणसाने काय काय करून ठेवलं ते आता सांगायचं.

शुक्रवारच्या सरावाला काचेमागे बसून त्यांनी पोटातून शाब्बास म्हटलं. आवाज चांगलाच लागला. फक्त सगळ्या मुलींचे अंबाडे सारखे, मोजे सारखे आणि जाकिटं काळी असल्यामुळे तो लागला दुसऱ्याच मुलीला. ती दचकून भिंतीवर गेली. लागलं कुठेच नाही, पण तिची आई बाबांकडे ज्या नजरेने बघू लागली ती विसरण्यासारखी नव्हती. प्रशिक्षक बाई बर्फावरून सावकाश आल्या, खिशातून पेन काढलं आणि काचेवरच्या सूचनेतली शेवटची ओळ खोडून टाकली. खोडतानासुद्धा त्यांनी दोन रेघा मारल्या.

घरी आल्यावर बाबा एक कापडी अस्वल घेऊन बसले. नाच संपला की लोक बर्फावर कापडी खेळणी फेकतात आणि ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असावी लागतात, नाहीतर त्यांची लव बर्फावर सांडते आणि पुढची मुलगी त्यावर अडखळून पडते. बाकीचे पालक एखाद्या पिशवीत खेळणं कोंबतात. बाबांनी अस्वलाला तीन पदर गुंडाळले, कोपरे पाकिटासारखे दुमडले आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून वरून बोट फिरवून पाहिलं. कुठेही खरखर लागत नव्हती.

"अस्वलाला परदेशी पाठवायचंय का?" भिंगरीच्या आईने विचारलं.

शनिवारी स्पर्धा. आत्या आणि बाबा अगदी पुढच्या रांगेत बसले. भिंगरीची आई ठरल्याप्रमाणे घरी काळजी करत होती.

"मला वेळ कळत नाही," बाबा आत्याला म्हणाले. "कधी ओरडायचं, कधी फेकायचं. मागच्या वेळी गडबड झाली."

"मी दंड दाबला की समजायचं," आत्या म्हणाली.

भिंगरी बर्फावर आली. निळा पोशाख, घट्ट अंबाडा, ओठ मिटलेले. संगीत सुरू झालं. तिने एक मोठं वळण घेतलं, पाठीमागे सरकत गेली आणि जी उडी गेले चार महिने तिला पाडत होती ती मारून एका पायावर सरळ उतरली. आत्याला राहवलं नाही. हाताशी जे आलं ते तिने घट्ट पकडलं, आणि हाताशी होता तो दादाचा दंड.

बाबांनी पोटातून शाब्बास म्हटलं आणि अस्वल फेकलं.

साधं खेळणं जिथे पडतं तिथे पडून राहतं. हे राहिलं नाही. तीन पदरी गुळगुळीत अस्वल पाठीवर पडलं आणि स्वतःभोवती फिरत, वेग जराही कमी न करता, थेट मैदानाच्या मधोमध गेलं. भिंगरी तिथे गिरकी घ्यायला येत होती. पंचांची शिट्टी वाजली. संगीत मध्येच तुटलं. सभागृहातल्या शेकडो माना भिंगरीकडून अस्वलाकडे, अस्वलाकडून बाबांकडे वळल्या. कुठे तोंड लपवावं हे बाबांना कळेना, कारण पुढच्या रांगेतल्या माणसापुढे लपायला कुणी नसतं.

पंचांनी जाहीर केलं की मुलीला तीन मिनिटं मिळतील आणि जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होईल. प्रशिक्षक बाई बाबांजवळून जाताना म्हणाल्या, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," आणि पंचांशी बोलायला गेल्या. आत्या शेजारी "सगळं माझ्यामुळे, सगळं माझ्यामुळे" म्हणत रुमालात शिरली होती. भिंगरी अस्वल उचलून काठाशी आली. तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

"बाबा, हे तुझं आहे."

"कशावरून?"

"कोपरे बघ."

बाबांनी कोपरे पाहिले. नाकारण्यात अर्थ नव्हता.

"तू ओरडलास," भिंगरी म्हणाली. "कालही ओरडलास. तू तर कधी ओरडत नाहीस. काय झालंय तुला?"

बाबांना वाटलं, आता लपवून काय करायचं, सगळ्या सभागृहाने तर पाहिलंय. "मला त्या बाकावर बसायचं होतं," ते म्हणाले. "चार वर्षांपासून बसायचं होतं. तू आत्याचं नाव लिहिलंस. म्हटलं, मी तिच्यासारखा रडत नाही, ओरडत नाही, म्हणून तुला नको असेन. म्हणून शिकत होतो."

भिंगरीने अस्वल काखेत मारलं. "मग तेव्हाच सांगायचंस ना. मी विचारलं होतं तुला. पेन घेऊन थांबले होते मी."

"मी म्हटलं, तुला हवं त्याला बसव."

"हो ना. मला वाटलं, तुला बसायचं नाहीये. आईला बघवत नाही, तसं तुला तिथे सगळ्यांसमोर बसायला आवडत नसेल. मग मी आत्याला विचारलं. ती कशालाही हो म्हणते."

ज्या माणसाचं पोट तेरा वर्षं प्रश्न विचारण्यावर चाललं होतं, त्याचा घरातला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला होता. बाबा कठड्यावर पुढे वाकले. पुढचं बोलायला त्यांना शिकवणीची गरज पडली नाही.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "फार मोठी."

"एक मिनिट राहिलंय," भिंगरी म्हणाली. "माझे पाय कापतायत."

"माझेही," बाबा म्हणाले.

भिंगरीने कठड्यावरून वाकून पाहिलं. खरंच, इस्त्री केलेल्या पँटमध्ये बाबांचे दोन्ही गुडघे थडथड उडत होते. एवढं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला हसू आलं, ते आवरेना, आणि हसतच तिने अस्वल त्यांच्या हातात दिलं आणि मधोमध निघून गेली.

उरलेल्या नाचात ती एकदा पडली, लगेच उठली आणि शेवटची गिरकी इतका वेळ घेत राहिली की संगीत संपून गेलं तरी ती फिरतच होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा दोन्ही हातांनी अस्वल छातीशी धरून उभे होते, त्यामुळे त्यांना वाजवता आल्या नाहीत.

"जा," आत्या रुमालातून म्हणाली आणि तिने त्यांना बाकाच्या दिशेने ढकललं. "मी इथून रडते."

बाकापाशी एक जाडजूड गृहस्थ यादी घेऊन उभे होते. सकाळपासून उभे असावेत. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "भिंगरी म्हणतात ती तूच का? तुझ्याबरोबर आत्या लिहिलंय. दुसऱ्या कुणाला बसता येणार नाही. नियम आहे."

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. मग त्या गृहस्थांकडे पाहून ती अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "हीच माझी आत्या."

गृहस्थांनी बाबांची मिशी पाहिली. मग पुन्हा यादी पाहिली. "तुम्ही आत्या?"

बाबांनी आयुष्यात खोटं बोलायचा फारसा सराव केला नव्हता. पण आवाज कुठला वापरायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"हो," ते सपाट आवाजात म्हणाले.

गृहस्थ सपाट झाले. "बसा," ते म्हणाले.

दोघं बसले. बाबा डावीकडे. समोरच्या फळ्यावर अजून काही उमटत नव्हतं. आजूबाजूला पाच-सहाशे माणसं होती आणि प्रत्येकाला ठाऊक होतं की अस्वल कुणी फेकलं.

"कसं वाटतंय?" भिंगरीने विचारलं.

बाबांच्या जिभेवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "भीती वाटतेय," ते म्हणाले. "तू पहिल्यांदा पडलीस त्या दिवसापासून वाटतेय. दर वेळी वाटते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि तू घड्याळात बघत बसतोस ते?"

"दुसरीकडे कुठे बघू तेव्हा?"

भिंगरीने हातमोजा काढला, आपला गार हात बाबांच्या हातात घातला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाबांचा चष्मा धूसर झाला. तो पुसायला हात मोकळा नव्हता आणि त्यांना तो मोकळा करायचाही नव्हता. मध्येच कधीतरी फळ्यावर आकडे आले, ध्वनिवर्धकावर ते वाचले गेले, आतापर्यंतच्या बारा मुलींत नववा क्रमांक असं काहीसं. आत्याचा हुंदका सभागृहाच्या पलीकडून स्पष्ट ऐकू आला. बाकावरच्या दोघांना मात्र त्यातलं काही कळलं नाही.

यादीवाले गृहस्थ थोडा वेळ वाट पाहून जवळ आले आणि त्यांनी बाबांच्या खांद्याला हलकेच बोट लावलं.

"आत्या, उठा आता," ते म्हणाले. "पुढच्या मुलीची आई उभी आहे."